सोनीबाईची भागू

१२ नोव्हेंबर १९९८, शिनोली

पोचले एकदाची! एसटीतून उतरताच सारजाबाईंनी माझी बॅग उचलली आणि विचारलं, "बाई, पुस्तकं हायेत का दगडं?" त्यांच्याच पडवीतली खोली मला मिळाली आहे. भातकापणी उरकत आलीय, पेंढ्याचा वास घरभर. सकाळचं धुकं पाहून पाचगणीचं कॉन्व्हेंट आठवलं. कांजी केलेल्या कॉलरी, सिल्व्हर ओकच्या रांगा, प्रार्थनेला उशीर झाला की नुसतं बघणाऱ्या सिस्टर बेनेडिक्टा. या वयात पुन्हा नवी विद्यार्थिनी झाले! ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. संस्थेनं बजावलंय की संमतीशिवाय काही टेप करायचं नाही आणि मुलाखतीत स्वतःचं काही सांगायचं नाही.

१५ नोव्हेंबर

टेपमध्ये स्वतःचा आवाज ऐकून बायका लोटपोट हसतात. एकीनं विचारलं, आमचा आवाज पुण्याला जाऊन जेवणार काय? इथली एक रीत मला फार आवडली. कुणी आपलं दुःख सांगितलं की ऐकणारीनं उठण्याआधी आपलंही एक सांगायचं. शेजारणीचं भांडं रिकामं धाडत न्हाईत, तसंच हे, असं सारजाबाई म्हणाल्या. मी हसून टाळते. नियम आहे ना.

१७ नोव्हेंबर

सोनीबाई पारगावकडच्या फडावरचा हंगाम सांगत होती. मध्येच थांबली. "बाई, आता ते बंद करा." मी मान डोलावली, बटणाशी खुडबूड केली आणि लाल दिव्यावर पदर ओढला. टेप चालूच राहिली.

मग ती बोलली. तान्ही भागू रडून काम करू देईना, म्हणून तिनं बोटानं दारू चाटवली. पोर उठलीच नाही. गावाला तिनं ताप सांगितला होता.

बोलून झाल्यावर ती माझ्याकडे पाहत राहिली. मी काही सांगेन म्हणून. मी "थँक यू" म्हणून उठले. थँक यू!

१८ नोव्हेंबर

कॅसेट लावली. "बंद करा" इथपर्यंत सोनीबाईचा आवाज आहे. त्यापुढचा माझा. ती सांगत असताना मी तर चकार शब्द काढला नव्हता. तरी माझ्याच आवाजात, तिच्या बोलीत — "म्या बोट लावलं, ती चोखीत ऱ्हायली."

१९ नोव्हेंबर

माफी मागायला गेले. सोनीबाई दारात भांडी घासत होती, गाणं गुणगुणत. भागूचं नाव काढलं तर म्हणाली, कोण भागू वं? भागूचं जपून ठेवलेलं झबलं तिनं आज भांडी पुसायला घेतलं होतं. सोबत आलेल्या सारजाबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, पोर गेली तरी तेवढी आठवण व्हती तिच्यापाशी, तीबी कुणी नेली?



२१ नोव्हेंबर

तिचं तिला परत द्यायला गेले. समोर बसवून सगळं सांगितलं. पण तोंडून "माझी भागू", "माझी पोर" असंच येत राहिलं. सोनीबाईनं पदरानं माझे डोळे पुसले. देवाची व्हती, देवानं नेली, रडू नका बाई, म्हणाली. तिनं मला समजावलं. तिनं.

शाळेतल्या त्या सिस्टरचं नाव काय होतं?

सोमवार

बोटाला दारूचा वास येतो. साबणानं धुतलं, राखेनं घासलं —

कॅसेट पुसावी म्हटलं. पण पुसली तर भागू कुठंच — सोनीबाईजवळ तर आता —

मंगळवार

गावातल्या बाया येऊन बसतात. बाईंची पोर गेली, म्हणतात. मी नाही म्हणत नाही. का नाही म्हणत? खरं हे, की मला ती परत द्यायचीच —

लाज वाटते. लाज —

बुधवार

सोनीबाई दारात उभी आहे. मोकळ्या हातांनी. काहीतरी हरवलंय पण काय ते कळत न्हाई, म्हणते. आज उठून सांगायलाच हवं, की भागू तुझी, मी चोरून —

पण उठू कशी? मांडीवर आत्ताच डोळा लागलाय तिचा, हललं की रडते, आणि रडली की मी बोट —