बादली, साखरेचा डबा आणि पाच शतकं

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला असेल. पत्र घरी न पाठवता वाचनालयाच्या पत्त्यावर का, ते पुढे कळेलच. घरी नेऊ नका.

आमच्या छापखान्याच्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरवर यंदा प्रत्येक पानामागे एक इंग्रजी वाक्प्रचार आहे, अर्थासकट आणि उगमासकट. मजकूर माझा, म्हणजे खरं तर तुमचा. सातवीत इंग्रजीत नापास झाले तेव्हा तुम्ही सुट्टीभर मला एकेका वाक्प्रचाराची गोष्ट सांगितलीत आणि मी पास झाले. त्याच गोष्टी मी आठवून लिहिल्या. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, कारण एका लोहाराच्या बायकोनं वाटेत बादली ठेवली आणि तो तिला अडखळून पडला तो मेलाच. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे, कारण एका खलाशाच्या बायकोनं त्याचे खिसे तपासले आणि खाणावळीतले घेवड्याचे दाणे जमिनीवर सांडले. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम, कारण राजाच्या आचाऱ्याची बायको साखरेचा डबा कपाटावर ठेवायची आणि ती माहेरी गेली की केक करणं सोपं व्हायचं. (मी सातवीत होते, मला पटलं. मालक पन्नाशीचे आहेत, त्यांनाही पटलं.)

मागच्या आठवड्यात एका निवृत्त भूमापकांचं पत्र आलं. त्यांनी फाडलेली पानं तारीखवार जपली आहेत. (काही माणसांना निवृत्त करूच नये.) त्यांचा एकच प्रश्न होता. बादली वाटेत ठेवणारी, खिसे तपासणारी आणि साखर कपाटावर ठेवणारी ही एकच बाई पाच वेगवेगळ्या शतकांत कशी काय हजर आहे? मालकांनी मला बोलावून, कुठल्या ग्रंथातून घेतलं ते बुधवारपर्यंत सांगा, नाहीतर टेबल आवरा, असं सांगितलं.

मी सगळ्यांत जाड कोश आणला. त्यात तुमची एकही गोष्ट नाही. निम्म्या ठिकाणी तर 'उगम अनिश्चित' एवढंच आहे. मग तुमच्या स्वयंपाकघरातलं कपाट डोळ्यांपुढे आलं, आणि त्यावरचा मामींचा साखरेचा डबा. मामा, मला वाईट वाटलं. इतकी वर्षं माझे मामा विद्वान आहेत म्हणून मी मिरवत होते, आणि तुम्ही मामींची गाऱ्हाणी इंग्रजांच्या नावावर खपवत होतात.

मालकांना खरं सांगितलं आणि नमुन्याला कोशाप्रमाणे चाळीस पानं नव्यानं लिहून दिली. त्यांनी तीन वाचली, चौथ्याला जांभई दिली आणि म्हणाले, "हे वाचायला पान कोण फाडेल?"

असो. तुम्हाला माफ केलेलं नाही. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
भाची

ता. क. : राग खरा आहे, पण काम वेगळंच आहे. मालकांनी पुढच्या वर्षी पानाच्या डोक्यावर 'ही केवळ कल्पित गोष्ट' असं छापायचं ठरवलं आहे. बाई मात्र तीच हवी. पुढच्या बुधवारपर्यंत तीस नव्या गोष्टी दिल्या नाहीत, तर माझी जागा त्यांच्या जावयाला जाईल. लगेच पाठवा, मी हात जोडते.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच मामींचं जाड टपाल आलं. मी पाठवलेल्या कॅलेंडरचं पान मामींना दिसू नये म्हणून रोज सकाळी फाडून खिशात कोंबायची तुमची युक्ती चांगली होती, पण मामा, खिसे कोण तपासतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? त्यांच्याकडे जानेवारीपासूनची सगळी पानं आहेत. त्या रागावलेल्या नाहीत. 'बादली वाटेत यांनीच ठेवली होती,' एवढी दुरुस्ती फक्त कळवली आहे. सोबत, महिनाभराच्या पानांना पुरतील म्हणून आपणहून तीस नव्या गोष्टी स्वच्छ अक्षरात लिहून पाठवल्या आहेत. मालक हसून हसून खुर्चीत आडवे झाले आणि माझी जागा वाचली. तेव्हा तुम्ही आता काही पाठवू नका. तिसांतल्या प्रत्येक गोष्टीत नवरा मात्र एकच आहे. पाच शतकं तो चष्मा शोधतो आहे आणि चष्मा त्याच्या कपाळावर आहे.