पूल माझ्या ताब्यात

४ मे, सकाळी ६.४०
लेक आणि जावईबापू दीड महिना कामासाठी बाहेर. घर आमच्या हवाली. मागे छोटासा स्विमिंग पूल आहे, सगळ्यात खोल जागी पाणी छातीपर्यंत. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलंय, आठ तारखेपासून रोज अर्धा तास पाण्यात चालायचं. त्यासाठीच इथे आलो.
पूलची पाहणी केली. पायऱ्या संपतात तिथेच, तळाला, ताटाएवढा तपकिरी डाग. असल्या पाण्यात मी हिला उतरू देणार नाही.

५ मे
पूलवाला आला. म्हणाला, काका, गंजाचा डाग आहे, जुना आहे, कुणाला चावत नाही. काकू आज उतरल्या तरी चालेल. त्याचा अनुभव विचारला. अकरा वर्षं! मी पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं काढली. (बिल विभागात. पण पाणी शेवटी पाणीच.) त्याला सांगितलं, मी कळवेपर्यंत येऊ नका. चेहरा पडला बिचाऱ्याचा.
संकल्प: आठ तारखेच्या आत डाग नाहीसा.

६ मे, दुपार
पाणी तपासायच्या पट्ट्या आणल्या. पट्टी बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची. मला पीएच नारिंगी दिसला, हिला गुलाबी. वाद नको म्हणून नोंदवहीत ‘गाजरी’ लिहिलं.

७ मे
शोध! गंजाच्या डागावर व्हिटॅमिन सी चालतं. हिच्या चघळायच्या गोळ्या जुन्या मोज्यात भरल्या, मोजा काठीला बांधला आणि काठावर पालथं पडून डाग घासला. मोज्याएवढी जागा पांढरी झाली! टाळ्या वाजवाव्यात असा क्षण. ही म्हणाली, माझ्या गोळ्या कुठायत?

८ मे
हिचा पाण्यात उतरायचा दिवस. पुढे ढकलला. अर्ध्या डागात काय उतरायचं? ही काठी टेकत हॉलमध्ये फेऱ्या मारत राहिली. शहाणी बाई.

११ मे
पाण्यात क्लोरीन असेल तर डाग परत येतो, असं वाचलं. क्लोरीन बंद. उरलेल्या डागासाठी व्हिटॅमिन सी-ची पावडर आणली, दोन किलो. केमिस्ट विचारत होता, घरात किती माणसं आहेत?

१३ मे
डाग गेला. पूर्ण! लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, छान बाबा, मग आई उतरली का? हल्लीच्या पोरांना धीर म्हणून नाही.

१६ मे
पाण्याला हिरवट झाक. पाचूसारखी म्हणता येईल.

१७ मे
पाचू नव्हे. शेवाळ. पायऱ्या बुळबुळीत झाल्यात. हिला उतरवलं असतं तर? माझी दूरदृष्टी कामाला आली.

१८ मे
क्लोरीन ओतलं. डबीवर लिहिलंय त्याच्या तिप्पट, कारण शेवाळाला दया दाखवून चालत नाही. बनियनला पांढरे ठिपके पडले. हिच्या केसांनाही क्लोरीनचा वास येतोय. हवेतून घरभर पसरत असणार. जोरदार माल आहे.

२० मे
शेवाळ गेलं. डाग परत आला. येताना भावंडं घेऊन आला, एकूण सात.

२१ मे
पट्टीवर पीएच फार खाली. सोडा टाकायला हवा. हळूहळू टाका असं डब्यावर बारीक अक्षरात होतं, चष्मा आत राहिला होता. अख्खा डबा गेला. पाणी दुधासारखं झालं. तळ दिसत नाही. तळच दिसत नाही म्हणजे डागही नाही. एका दगडात दोन पक्षी.
दोरीवर एक निळा स्विमिंग सूट वाळत होता. लेकीचा राहिला असेल.

२४ मे
ही जिना काठीशिवाय चढली. हॉलमधल्या फेऱ्यांचा गुण. फिजिओ बाई हल्ली रोज गाडी घेऊन येतात आणि हिला ‘मोकळ्या हवेत’ नेतात. बरं आहे. मला पूलवर एकाग्र होता येतं.

२६ मे, संध्याकाळ
लेकीचा फोन. आईचा व्हिडिओ पाहिला म्हणाली, किती मस्त चालतेय पाण्यात! मी विचारलं, कुठल्या पाण्यात?
हिला विचारलं. फिजिओ बाईंच्या सेंटरमध्ये टाकी आहे. दोन आठवडे रोज जाते! मी म्हटलं, मला सांगायचं नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही तिथलंही पाणी तपासायला आला असता.
मग माझ्याशेजारी बसली. म्हणाली, अहो, तुम्हाला पोहता येत नाही. मी घसरले तर मला वर कसं काढणार, याची भीती वाटते ना तुम्हाला? मला ठाऊक नाही का? लग्न झाल्यावर तलावावर गेलो होतो, तेव्हाही ‘बोट चांगली दिसत नाही’ म्हणून काठावरच बसला होतात.
बोट खरोखरच चांगली दिसत नव्हती.
जेवलो नाही. भूक नव्हती. रसायनांचा परिणाम.

२७ मे
हिने पूलवाल्याला फोन केला. तो आला, पूलकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, काका, असं पाणी मी अकरा वर्षांत पाहिलं नाही. कौतुकाने म्हणाला असावा.

१ जून
चार दिवसांत पाणी लख्ख. मी देखरेख केली. सहा डाग गेले, जुना तसाच आहे. पूलवाला म्हणाला, त्याला राहू द्या.

२ जून, सकाळी ८
ही पूलमध्ये उतरली. मी काठावर उभा. वरचा कठडा धरायला सांगितलं तर म्हणाली, कशाला? त्या टोकाला गेली, आली, परत गेली. पाय जराही लटपटला नाही. मग हाक मारली, अहो, तुम्ही या. मी डागाचा मुद्दा काढला. म्हणाली, त्याच्यावर उभे राहा, दिसणार नाही.
जावईबापूंची हाफपँट घालून उतरलो. निव्वळ तपासणीसाठी. पहिल्या पायरीवर अकरा मिनिटं, दुसरीवर चार. पाणी गुडघ्यापर्यंत. हिने माझा हात घट्ट धरला होता. तिचा गुडघा नवीन आहे, तोल जायला वेळ लागत नाही, म्हणून मीही सोडला नाही.