फिरणारी काच

४ मार्च, सकाळी
आणि वर मलाच म्हणतात, कारण नसेल तर लेन्सवर काच लावू नकोस. पाय मोडून हे पलंगावर पडलेत, फोटो स्टुडिओ मी उघडते, झाडते, गिऱ्हाईक मी सांभाळते, आणि हुकूम यांचे. डब्यात अशा आठ काचा आहेत, हे त्यांना फिल्टर म्हणतात. वीस वर्षं मला हात लावू दिला नाही. मी तिसरीत शाळा सोडली हे खरं, पण बरणीचं झाकण लावता येतं तिला लेन्सवर काच लावता येते.

४ मार्च, दुपारी
पलंगावरून शिकवणी. साधी काच लेन्सला ओरखडा पडू नये म्हणून. काळी, ऊन फार असलं तर. धुरकट, चेहरा मऊ दिसावा म्हणून. फिरणारी, पाण्यावरची नाहीतर चष्म्यावरची चमक मारायला; कॅमेऱ्यातून बघत हळूहळू फिरवायची, चमक गेली की थांबायचं. मी म्हटलं, कळलं. हे म्हणाले, परत सांग बघू. मी म्हटलं, मी काय बालवाडीत आहे? परत सांगितलं नाही.

६ मार्च
ओळखपत्राचे सहा फोटो, सगळे धुरकट काचेतून. बेकरीवाली म्हणाली, वहिनी, दहा वर्षं उतरवलीत. दुकान आता वेगळ्याच लेव्हलला जाणार.

८ मार्च
सहाही फोटो कचेरीतून परत. माणूस ओळखू येत नाही म्हणे. कचेरीतल्यांना नजरच नाही. साध्या काचेने परत काढून दिले. ह्यांना बोलले नाही, उगाच ताप नको त्यांना.

९ मार्च
शाळेचा शिपाई आला. मोठ्या बाई रिटायर होतायत. हॉलमध्ये आधीच्या सगळ्या हेडमास्तरांच्या रांगेत त्यांचा फोटो लागणार. साहेबच काढतील ना, म्हणाला. मी हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं.
ह्याच बाईंनी मला चाळिसाव्या वर्षी, संध्याकाळच्या वर्गात धड लिहायला शिकवलं. रोज चार ओळी लिही, कुणाला दाखवू नकोस, म्हणाल्या. म्हणून तर ही वही. त्यांचा फोटो दुसऱ्या कुणी का काढावा? बाईंना जाड चष्मा आहे. म्हणजे फिरणारी.

११ मार्च
काढला. बाई शाळेतच खिडकीसमोर बसल्या, चष्म्यात अख्खी खिडकी दिसायला लागली. डबा उघडला तर फिरणाऱ्या काचा दोन. ह्यांनी एकच सांगितली होती. फोन करून विचारलं असतं, पण मग फोटो कोण काढतंय तेही सांगावं लागलं असतं. एक नुसती काळपट, दुसरीवर बारीक रेघा. रेघांचीच भारी असणार. बाई म्हणाल्या, चष्मा काढून ठेवू का गं? मी म्हटलं, बसा हो, माझ्याकडे काच आहे. फिरवली. डोळ्यांपाशी काहीतरी लकाकलं. जवळचं मला नीट दिसत नाही आणि चष्मा मी लावत नाही, म्हातारी दिसते. म्हटलं, तेज आहे बाईंचं.
लॅबवाल्याने विचारलं, ताई, हे असंच मोठं करू? मी म्हटलं, तुला काय करायचंय, छाप.

१४ मार्च, संध्याकाळी
शाळेच्या हॉलमध्ये बाईंचा निरोप समारंभ. फोटोवरचं कापड ओढलं. बाईंच्या दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन तारे. केस छान, हात छान, डोळे नाहीत. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल. बाई उभ्या राहिल्या, पोरं गप्प झाली. त्या फोटोजवळ गेल्या, चष्मा पुसून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, छान आलाय गं. माझं अक्षर चुकायचं तेव्हा ह्याच आवाजात बोलायच्या.
शिपायाने कापड परत टाकलं. मी मागच्या दाराने निघाले.

१५ मार्च
खिडकीच चुकीच्या जागी होती. खुर्ची शाळेची, मी ठेवलेली नाही. लॅबवाल्याने धड सांगायचं ना.
तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा वाचलं. पटत नाही.

१६ मार्च
ह्यांना सांगितलं. वाटलं, आता डोक्यावर घर घेतील. हे एवढंच म्हणाले, रेघांची? ती दिव्यांना तारे आणायला असते गं. आणि चष्म्याचं काय, बाईंची खुर्ची जरा तिरपी केली असती, मान इवलीशी खाली, तर कुठलीच काच लागली नसती. मग म्हणाले, चूक माझी, दोन फिरतात हे सांगायला हवं होतं. शिव्या घातल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं.

१८ मार्च
शिपाई भेटला. बाई रविवारी मुलीकडे जातायत, कायमच्या. रांगेत एका जुन्या ग्रुप फोटोतून कापलेलं तोंड लावणार आहेत, अंगठ्याएवढं. मी बाईंच्या जिन्यापर्यंत दोनदा गेले, दोनदा परत आले. शेवटी चिठ्ठी लिहिली, शिपायाच्या हातात दिली. इथे उतरवून ठेवते.
बाई, फोटो मी काढला हे ह्यांना ठाऊकच नव्हतं. हेच काढतील, असं शिपायाशी खोटं बोलले. काचेचं मला काही कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. आता त्याहून जास्त वाटते. मला परत काढायचा आहे, काच न लावता. हेही येतील, कुबड्या घेऊन, खुर्ची कशी ठेवायची ते सांगायला. तुम्हाला नको असेल तर सरळ नको म्हणा, माझं मन राखू नका. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही, एवढं कळवा.