क्रमांक तेवीस

११ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे तू आपल्यात कधीच मोडीत काढलेस, तेव्हा नुसताच नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाचीची परीक्षा संपली का? भावजींना सांग, त्यांनी सुचवलेला काढा आठवडाभर घेतला. खोकला जागचा हललेला नाही.

तुझे तीन निरोप मिळाले. तिन्हींत एकच मागणी. दोनदा तू फोनही केलास आणि दोन्ही वेळा मी "हो गं, बघते, केंद्रात फार गडबड आहे" म्हणून विषय बदलला. गडबड काही खोटी नाही. आधी तीच सांगते.

तू विचारायचीस ना, तुमच्या त्या लांबलचक नावाच्या केंद्रात नक्की करता तरी काय? दारावर पाटी आहे, 'मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र'. पाटी दारापेक्षा रुंद निघाली म्हणून सुताराने तिचं एक टोक खिडकीवर आणलं, त्यामुळे ती खिडकी आता उघडत नाही. आत एक लांब टेबल, एक कुलपाचं कपाट आणि पाणी तापवायची एक किटली. टेबलाच्या एका टोकाला इतिहासवाल्या बाई, दुसऱ्या टोकाला समाजशास्त्रवाले सर, मधे भाषावाले. विषयांच्या भिंती पाडायच्या म्हणून हे केंद्र काढलं. मागच्याच महिन्यात इतिहासवाल्या बाईंनी टेबलावर पुस्तकांची रांग लावून स्वतःपुरती भिंत बांधून घेतली.

आमच्या संचालकांना सगळे पाठीमागे 'समन्वयबुवा' म्हणतात. कुठल्याही भांडणात ते दोन्ही हात वर करून म्हणतात, "आपण समन्वय साधू या." मग पुढची तारीख देतात. आणि तो समन्वय साधायचा कोणी, तर मी. पाच वर्षं मी या तिघांच्या मधे निरोप्याचं काम करते आहे. डोकं पिकलं माझं, ताई.

आमचा मोठा प्रकल्प तुला माहीत आहे. हाताने राबणाऱ्या बायकांच्या मुलाखती. चाळीस बायका, चाळीस ध्वनिमुद्रणं. ती कागदावर उतरवायची वेळ आली तेव्हा खरी जुंपली. इतिहासवाल्या बाईंना प्रत्येक घटनेचं साल हवं. सर म्हणतात, मुद्दे तेवढे ठेवा, घरगुती गप्पा कशाला? भाषावाल्यांना प्रत्येक 'अं', प्रत्येक उसासा हवा. दीड वर्ष बैठका झाल्या. शेवटी सगळ्यांनी दमून एक 'स्वच्छ प्रत' मान्य केली. अं नाही, खोकला नाही, थांबणं नाही. भाषावाले त्या दिवशी डबा न खाताच घरी गेले.

बघ, दोन पानं झाली आणि मी अजून केंद्राच्याच तक्रारी करते आहे. तू म्हणशील, हिला काहीतरी सांगायचं नाहीये. बरोबर ओळखलंस.

त्या चाळीस बायकांत आपली आई होती हे तुला मीच सांगितलं होतं, मोठ्या तोऱ्यात. रुग्णालयाच्या धुलाई विभागात एकतीस वर्षं चादरी धुतलेली बाई मला बाहेर शोधावी लागली नाही. तिला केंद्रात आणलं तेव्हा ती नवी चप्पल घालून आली होती. टेबलावर हात फिरवून म्हणाली, "एवढ्या शिकलेल्या माणसांत एक फडकं नाही का गं?" आणि पर्समधला रुमाल काढून तिने आधी टेबल पुसलं. मग दोन तास बोलली.

आमच्याकडे एक नियम आहे. बोलणारीची ओळख कुठेही राहता कामा नये. नावाच्या जागी क्रमांक, तोही चिठ्ठी काढून. नाव-क्रमांकाची यादी बंद पाकिटात, संचालकांकडे. संयोजकाने, म्हणजे मी, कोणाचा कुठला क्रमांक ते लक्षात ठेवायचं नाही. आणि तिन्ही शाखांनी स्वच्छ प्रत तपासून सही केली की मूळ आवाज पुसून टाकायचा. हे नियम कोणी लिहिले विचार. मी लिहिले. नीतिसमितीने माझी पाठ थोपटली होती.

आईला हे समजावून सांगितलं तर ती रागावली. "नाव का खोडतेस? मी काय चोरी केलीय?" मी म्हटलं, आई, हा नियम तुमच्याच भल्यासाठी आहे. ती म्हणाली, "बरं बाई, तुमचं शास्त्र." आणि संमतीच्या कागदावर पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट, रेघेच्या बाहेर जाईल एवढं मोठं. तो कागद पाकिटात गेला.

ती गेली तेव्हा तू पोचू शकली नाहीस. मी तुला कधी त्यावरून बोलले नाही आणि बोलणारही नाही. माझ्यापुरती मी मनाशी म्हणत होते, आवाज आहे कपाटात. ताई आली की दोघी बसून ऐकू. कुलूप बघूनसुद्धा बरं वाटायचं मला. घरी प्रत आणता आली असती. आणली नाही. नियम म्हणजे नियम, आपल्याच आईसाठी मोडायचा तर इतरांना कुठल्या तोंडाने सांगू?

जानेवारीत नीतिसमिती पाहणीला येणार होती. घाईघाईने पुसण्याची यादी काढली. एक कागद, त्यावर नुसते क्रमांक. तो कागद घेऊन मी तिघांकडे फिरले आणि चमत्कार झाला. बाईंनी सही केली, सरांनी केली, भाषावाल्यांनी तोंड वाकडं करून का होईना, केली. पाच वर्षांत तिघांचं पहिल्यांदा एकमत! मला इतका आनंद झाला, ताई, की कॉरिडॉरमध्येच भिंतीला कागद टेकवून मी चौथी सही ठोकली.

त्यात तेवीस क्रमांक होता. तेवीस म्हणजे आई.

मला आठवलं नाही. नियमाप्रमाणे मी खरंच विसरले होते. कपाटात आई आहे हे रोज आठवत होतं आणि कागदावरचा तेवीस डोळ्यांसमोरून गेला तरी काही वाटलं नाही. 'सगळे पुसायचे' म्हणजे तीही, एवढी साधी गोष्ट सही करताना माझ्या डोक्यात आली नाही. तुझा पहिला निरोप आला, "बाकी काही नको, फक्त आईचा आवाज पाठव," तेव्हा मी किल्ली घेऊन कपाटाकडे गेले आणि कपाट रिकामं होतं.

आमच्या संगणकवाल्या काकांचे मी अक्षरशः पाय धरले. ते बिचारे हळूच म्हणाले, "मॅडम, परत येणार नाही. तीनदा पुसायचं असं तुम्हीच लिहिलंय. कलम सात." समन्वयबुवांकडे गेले. त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, फार वाईट झालं, आपण समितीपुढे ठेवू. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. काय ठेवणार समितीपुढे? मग बाहेर येऊन जिन्यात बसले. भाषावाले आले, शेजारी बसले. त्यांना ते 'अं' कशाला हवे होते ते मला त्या दिवशी कळलं.

याला पाच आठवडे झाले. पाच आठवडे मी तुला फसवते आहे. आईचा आवाज गेला, ताई. मी घालवला. केंद्राने नाही, समितीने नाही. सही माझी आहे.

उरली ती स्वच्छ प्रत, अकरा पानं. तिच्यात आई एखाद्या सरकारी पत्रासारखी बोलते. तुझा उल्लेख 'मुलगी १' असा आहे, माझा 'मुलगी २'. काल सुट्टी काढून मी ती घरी आणली, नियम मोडून, आणि पेनने नावं परत घातली, तिने घेतली होती तशी. खोकलेही घातले, आठवतील तिथे. खरे किती होते कोण जाणे. सगळी प्रत सोबत आहे. एक तुकडा इथेच उतरवते, कारण हा मला पाठ आहे:

"चादर एकटीनं, अं, नाही घडी होत. समोर कोणीतरी लागतं. कामावर बाया होत्या. घरी आमची शिडी. (हसते.) थोरली हो, उंच आहे ना, शिडीच म्हणते मी तिला. तिचे हात पोचायचे. ही पिटुकली धरायची तर चादर जमिनीला. (खोकते.) शिडी लांब गेली, तेव्हापासून मी मोठ्या चादरी घेतच नाही. तिला सांगू नका हं. उगाच येईल धावत. अं... आली तर येऊ दे."

इथे मूळ मुद्रणात किटली वाजते आणि आई विचारते, "झालं का गं तुझं?" सरांनी ते अनावश्यक म्हणून काढायला लावलं होतं. मी परत लिहिलं आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील आणि मग मला अजून जड जाईल. रागव. फोनवर नको, लिहून रागव. आणि पत्र केंद्राच्या पत्त्यावर पाठवू नकोस, तिथे आलेल्या प्रत्येक कागदावर आधी क्रमांक पडतो. घरी पाठव. पाकिटावर माझं पूर्ण नाव लिही, आईचं घालून, रेघेच्या बाहेर गेलं तरी चालेल.

तुझी,
पिटुकली