डोंबिवलीच्या महालक्ष्म्या

औंढा नागनाथ
२० जुलै २०२५

चि. सौ. नीलांबरीस सरलाचे अ. आ. वि. वि.

फोनवर जावाजावांचं भांडण झालं असतं, म्हणून पत्र. आई तुझ्याकडं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या, त्याला तीन महिने झाले. तिथं त्या रोज बाजारात जातात, बिल्डिंगमधल्या बारा जणींबरोबर भजन म्हणतात, शेजारची मल्याळी बाई इडल्या पाठवते. इथं त्यांना देवळाची पायरी चढवत नव्हती. मला तुझा हेवा वाटतो, सरळच सांगते.

तेही सोसलं असतं. पण अनिरुद्धभाऊजी म्हणाले, यंदा महालक्ष्म्या डोंबिवलीत बसवायची आईंची इच्छा आहे. बावीस वर्षं दोघींना साड्या मी नेसवते. निऱ्या नीट पडेपर्यंत पाणी पीत नाही. सासू घे, पण मुखवटे मिळायचे नाहीत.

राग मावळला की पुन्हा लिहीन.

सरला

डोंबिवली
२९ जुलै २०२५

ती. सौ. सरलाताईंना शि. सा. न. वि. वि.

माझा हेवा कशाचा? मुंबईला खेटून राहतो, एवढंच. खिडकीतून हात काढला तर समोरच्यांच्या दोरीवरचा टॉवेल हाती येतो. मी सकाळी सातला मुंबईच्या ऑफिसला निघते, रात्री आठला येते. आई दिवसभर बिल्डिंगच्या. माझ्या वाट्याला एकच वाक्य येतं, सरला असं करत न्हाई. हेवा मी करायचा, आणि करतेच.

महालक्ष्म्यांचं आई बोललेल्या नाहीत. त्यांच्या नावावर मीच ह्यांना सांगितलं. एकदा तरी हे घर त्यांना आपलं वाटावं, म्हणून. चुकले. पत्र त्यांच्याच हाती पोस्टात देते आहे, त्यांना अक्षर कुठं दिसतंय.

मोठ्या मनानं चूक पदरात घ्या.

आपली
नीलांबरी

डोंबिवली
३० जुलै

चि. सौ. सरलास आशीर्वाद.

डोळ्याला आता बराबर दिसून राहिलं, पण मला कुणी विचारलंच न्हाई. तुझं पत्र फळीवर होतं, नीलांबरीचं पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. दोन्ही वाचली. हे त्यातच घालते.

महालक्ष्म्या औंढ्यातच बसतील. नीलांबरीला रजा टाकायला लावते. यंदा धाकट्या महालक्ष्मीला साडी ती नेसवेल. निऱ्या वाकड्या आल्या तरी तू हात लावू नको. तुझं कौतुक मी साऱ्या बिल्डिंगीत केलं, तुझ्यासमोर काहून केलं न्हाई, कळत न्हाई.

सासू घे म्हणालीस, ते रागाचं, हे समजते मी. तरी महालक्ष्म्या उठल्या की मी इथं परत येणार. नीलांबरीला वाटेल तिच्यासाठी, पण तसं न्हाई. इथं बारा जणी माझी वाट पाहतात. तूही पाहतेस, हे मला बावीस वर्षांनी पत्रातल्या तुझ्या हेव्यातून कळलं.

माया कमी करू नको.

आई