सिद्धीचं ऑपरेशन आणि अर्धा चमचा दही

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, बुधवार दुपार

सौ. काशम्मा अक्काच्या पायाशी धाकट्या महादेवप्पाचे शरणु शरणार्थी.

गुडघ्याला नवीन तेल लागू पडलं का ते कळव. दाजींचा खोकला आणि म्हशीचं रेडकू दोन्ही ठीक आहेत असं धरून पुढे लिहितो, कारण पुढे बरंच आहे. फोनच केला असता. पण तू फोन स्पीकरवर लावतेस, आणि तुला कमी ऐकू यायला लागल्यापासून मला इकडून ओरडावं लागतं, म्हणजे तुमच्या गल्लीला आणि आमच्या गल्लीला बातमी एकदमच मिळते. ही बातमी तशी मिळण्यासारखी नाही. टपालावरही विसंबलो नाही. एस.टी.त बत्तीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढल्यावर माणसाचा एवढा तरी हक्क राहतो. उद्या सकाळी साडेनऊच्या मोहोळ गाडीवर आपला भीमाशंकर कंडक्टर आहे, तो पाकीट प्रभुच्या हॉटेलात देईल. (प्रभु तुझा मुलगा असला तरी दुसऱ्याची पाकिटं फोडणाऱ्यांतला आहे, म्हणून दोनदा डिंक लावणार आहे.) रविवारी त्याच गाडीने तू पाठवलेला दह्याचा डबा पोचला. दही नेहमीसारखंच, सुरीने कापावं असं. त्या दह्याविषयी पुढे लिहावं लागणारच आहे.

आधी मुख्य गोष्ट. काल मंगळवारी सिद्धीचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते झालं नाही. घाबरू नकोस, पोर ठणठणीत आहे आणि आत्ता माझ्या चष्म्याच्या डबीत चिंचोके भरते आहे. ऑपरेशन का करायचं ते तुला शिवकुमारने अर्धंच सांगितलं असणार (माझा मुलगा आणि सिद्धीचा बाप असूनही त्याला कुठलीही गोष्ट पुरती सांगता येत नाही). सहा वर्षांच्या पोरीच्या नाकामागे मांस वाढलंय आणि टॉन्सिलही सुजलेत. दिवसा तोंड उघडं ठेवून फिरते, आणि झोपेत तिचा श्वास मध्येच थांबतो. चार-पाच सेकंद काहीच नाही, मग एकदम हिसका बसून सुरू. सूनबाई गेले तीन महिने तिच्या छातीवर हात ठेवून झोपते, म्हणजे झोपत नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढून टाकू, मोकळी होईल. पण पूर्ण भूल द्यावी लागेल. भूल म्हटल्यावर घरातले सगळे घाबरले. मी नाही (थोडा).

आता पूर्वीसारखं नाही, अक्का, की पोराला उचललं आणि टेबलावर ठेवलं. आठ दिवस आधी पोरीला आणि घरच्यांना बोलावून तयारी करून घेतात. कापणारे डॉक्टर वेगळे आणि भूल देणारे वेगळे, हेही मला तिथेच कळलं. भूलवाले डॉक्टर वयाने आपल्या शिवकुमारएवढेच, पण बोलणं एकदम शांत. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, पोरीशी खोटं बोलायचं नाही. दोन, आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जाता कामा नये. सकाळी सहापर्यंत घोट-दोन घोट पाणी, बस्स. पोटात काही असलं आणि भुलीत उलटी झाली, तर ती श्वासाच्या नळीत उतरते. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मी घरी येऊन तीन तांबे पाणी प्यालो.

पहिल्या गोष्टीत आम्ही त्याच दिवशी नापास झालो. रिक्षातच शिवकुमार तिला म्हणाला, तिथे जाऊन नुसता नाकाचा फोटो काढायचाय. तुझ्या भावजयीने सांगितलं, डॉक्टर फुंकर घालतात की झालं. मी आईस्क्रीमवर भागवलं. सिद्धीने तिघांच्या साक्षी वेगवेगळ्या घेतल्या आणि आईला जाऊन विचारलं, यातलं खरं कोण बोलतंय? चेतना शाळेत मास्तरीण आहे, तिने पाढे समजवावेत तसं सगळं खरं सांगितलं. गंमत म्हणजे त्यानंतर पोर आमच्यापेक्षा कमी घाबरलेली होती.

भीती घातली ती मीच, आणि तीही झोपेत. सिस्टरने सरावासाठी एक प्लास्टिकचा मास्क घरी दिला होता. तो नाकावर धरायचा, मोठे श्वास घ्यायचे आणि उलटे आकडे मोजायचे. सिद्धी डॉक्टर झाली आणि घरात पेशंटांचा तोटा नव्हता. तुझी भावजय भाकरी थापतानासुद्धा दोनदा भुलीखाली गेली. शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर माझा नंबर लागला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, वर पंखा, पोटात दोन कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी. मी दहापासून उलटं मोजायला लागलो आणि सातला मला खरंच झोप लागली. सिद्धीने हलवलं, नाक ओढलं, मिशी ओढली, मी हूं की चूं नाही. (माझी दुपारची झोप तुला ठाऊक आहे.) जागा झालो तेव्हा पोर माझ्या पोटावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती. आणि तिथून एकच धोशा सुरू झाला, मला झोपवल्यावर उठवणार कोण?

शनिवारी चेतना तिला पुन्हा भूलवाल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, मीही गेलो. डॉक्टर म्हणाले, मी औषध बंद केलं की तुला आपोआप जाग येईल. सिद्धी म्हणाली, मला रोज आपोआप जाग येत न्हाई, अज्जा उठवतो. आणि ते खरंच आहे. तुला ही गंमत माहीत नसेल. रोज सकाळी मी तिच्या उशाशी बसून म्हणतो, "एळव्वा, एळू. सोलापूर-मोहोळ गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे." मग ती डोळे न उघडता विचारते, "जागा हाय का?" मी म्हणतो, "खिडकीची." मगच ती उठते. आईने, बापाने, कुणीही हे करून पाहिलं तर चालत नाही. डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, ऑपरेशननंतर बाहेरच्या खोलीत आणलं की अज्जांनी पलंगाशी बसायचं आणि गाडी सोडायची, फक्त आवाज बेताचा ठेवायचा. पोरीने त्यांच्याशी हात मिळवला. त्या दिवसापासून ती एकदाही रडली नाही. म्हणजे बघ, अक्का, तिचा सगळा धीर माझ्या त्या एका पुकाऱ्यावर उभा आहे.

दुसरी गोष्ट, उपाशी ठेवण्याची, ती मी स्वतःच्या अंगावर घेतली. तुझ्या भावजयीच्या हाती हे काम देण्यासारखं नव्हतं, कारण तिच्या मते उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळं आणि वर दाण्याचा लाडू. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं. रात्री आठ, वरणभात. पावणेसहा, पाणी दोन घोट. साडेसहा, गाडी सुटणार. बिस्किटं, खारी, चिवडा, केळी सगळं उचलून साड्यांच्या कपाटात कोंडलं. (चेतनाच्या एका साडीला अजून चिवड्याचा वास येतो.) फ्रिजला जुनं कुलूप आहे, ते लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. पोरीला भूक दिसू नये म्हणून मोठ्यांनीही तिच्यासमोर काही खायचं नाही असा हुकूम काढला. शिवकुमारने सकाळचा चहा न्हाणीघरात जाऊन प्याला. चहाच्या दुधासाठी मी तेवढा पाच मिनिटं फ्रिज उघडला होता. साडेसहाला रिक्षा निघाली तेव्हा मला डेपोतली पहिली गाडी वेळेवर सोडल्यासारखं वाटलं.

दवाखान्यात पोरीला हिरवा झगा घातला. तिचा पहिला नंबर होता. सिस्टरने हातात कागद घेऊन विचारलं, सकाळपासून काही खाल्लं? आम्ही चौघांनी एका सुरात नाही म्हटलं. आणि सिद्धी, जिच्याशी खोटं बोलायचं नाही असं आठ दिवस घोकलं होतं, ती म्हणाली, "दहीसाखर खाल्ली की."

कुणी दिली, असं सिस्टरने विचारलं, चेतनाने विचारलं, शेवटी डॉक्टरांनीही विचारलं. पोर छताकडे बघत बसली. मग सगळ्यांनी तुझ्या भावजयीकडे पाहिलं, कारण दहीसाखर हे आपल्या घरात बायकांचं खातं. ती बिचारी पोरीच्या झग्याची नाडी बांधत राहिली. डॉक्टर म्हणाले, अर्धा चमचा असला तरी दही ते दहीच, सहा तास थांबावं लागेल, आणि मागे बाकीची पोरं उपाशी बसलीत. आता पुढचा मंगळवार. तेवढ्यात तिला सर्दी झाली तर आणखी पुढे. ते रागावले नाहीत. सिस्टर रागावली. जिने किंवा ज्याने दिली त्याने पुढच्या खेपेला घरीच थांबायचं, दवाखान्याची पायरी चढायची नाही, असं तिने सगळ्यांसमोर ठणकावलं.

परत येताना रिक्षात चेतना तोंडाला पदर लावून रडली. आणखी सात रात्री तिला हात छातीवर ठेवून जागायचं आहे. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझी भावजय कालपासून कुणाशी बोलत नाही, फक्त भाकरी ताटात जरा वरून टाकते.

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार, रेडकाला कुरवाळ, आणि माझ्यासारख्या भावाला पदरात घे.

तुझा,
महादेवप्पा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. येत्या मंगळवारी मला मोहोळला बोलावून घे. सोमवारी संध्याकाळीच फोन कर, कारण काय द्यायचं ते तू ठरव. हवं तर म्हैस आजारी पाड. मी तक्रार न करता निघून येईन.

ता. क. दुसरा. कारण कळल्याशिवाय तू म्हशीला आजारी पाडणार नाहीस, म्हणून लिहितो. दही मीच दिलं. चहाचं दूध काढायला फ्रिज उघडला, समोर तुझा डबा. पोर आधीच चप्पल घालून उंबऱ्यात बसली होती, मोठ्या कामाला निघाली होती. आपल्या घरातून असं रिकाम्या हाताने कोण निघालंय सांग? मी एस.टी.च्या मुलाखतीला निघालो तेव्हा आईने दहीसाखर दिली, तू सासरी निघालीस तेव्हा माझ्याच हाताने दिली. माझा हात आधी गेला, डोकं मागाहून दवाखान्यात पोचलं. वेळापत्रक लिहिणारा मी, किल्ली बांधणारा मी. आणि सगळ्यांनी तुझ्या भावजयीकडे पाहिलं तेव्हा, अक्का, मीही पाहिलं. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. असला माणूस मंगळवारी घरात नसलेला बरा. (हा कागद प्रभुच्या हाती लागू देऊ नकोस.)

ता. क. तिसरा, गुरुवार सकाळ. पाकीट डिंक लावण्याआधी पुन्हा उघडलं. आज उठवायला गेलो तर सिद्धी आधीच जागी होती. कानाशी लागून म्हणाली, "अज्जा, म्या तुजं नाव सांगितलं न्हाई. सिस्टर तुला आत सोडली नसती की. मग मला उठवणार कोण?" मी फलाट नंबर विसरलो, अक्का. सहा वर्षांच्या पोरीने माझ्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं आणि मी म्हशीच्या आजारपणाआड लपायला निघालो होतो.

तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि तुझ्या भावजयीपुढे सगळं कबूल केलं. ती मान वर न करता म्हणाली, "मला ठावं हाय की. साखरेच्या डब्याचं झाकण उघडं टाकणारा ह्या घरात एकच हाय." मंगळवारपासून तिला ठाऊक होतं. मग बोलली का नाहीस, विचारलं तर म्हणाली, "पोरगी बोलली न्हाई, मी कशाला बोलू?" शिवकुमार आणि चेतनालाही सांगितलं. चेतना आधी रागावली, मग तिला हसू आलं. सिस्टरलाही फोन केला. तिने आधी चांगलं झापलं. मग म्हणाली, या, पण दारात तुमचे दोन्ही हात तपासणार.

तेव्हा वरचं बोलावणं रद्द समज. उलट तूच सोमवारी दुपारच्या गाडीने ये. मंगळवारी सकाळी साडेसहाला उंबऱ्यात उभी राहा आणि माझा उजवा हात घट्ट धरून ठेव. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत सोडू नकोस. मग मी मागच्या रिक्षाने पोचेन. मला तिथे गाडी सोडायची आहे. आणि पाया पडतो, दही आणू नकोस.

(खालच्या ओळी तुझ्या भावजयीच्या हातच्या आहेत. मी त्या वाचू नयेत असं तिचं म्हणणं आहे.)

वन्सं, दही आणा, मोठा डबा आणा. ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोरीला थंडगार दहीभात चालतो, मी स्वतः विचारून घेतलंय. ह्यांचा हात धरायची गरज न्हाई, फ्रिजची किल्ली आता माझ्याकडं हाय. तुमी फक्त मला धरा. सिद्धीला आत नेतील तवा ह्यांना धीर द्यायला मीच असते, मला द्यायला कुणी न्हाई.