मोर्णेवरचा ढग

राजापेठ, अमरावती
मंगळवार, ता. ८ फेब्रुवारी १९३८

शकुनच्या आईस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. तुम्ही मायलेकी मोटारीने वरुडला सुखरूप उतरलात आणि पुढे न्यायला तुझा भाऊ भगवंत बंडी घेऊन आला होता, हे त्याच्या कार्डावरून कळलं. शेंदूरजन्याला सकाळची थंडी अजून असेल. शकुनला दव असताना बगीच्यात अनवाणी हिंडू देऊ नकोस. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. खुशालरावांच्या संत्र्यांचा मृग बहार यंदा चांगला उतरला, असं इथल्या बाजारातही बोलतात.

घरचं म्हणशील तर आई धडधाकट आहे. मागच्या वाफ्यातली मेथी खुडून झाली, वांगी धरली आहेत. स्वयंपाक तीच करते. काल वरणात मीठ दोनदा पडलं होतं. मी मुकाट्याने जेवलो. तोंड उघडलं असतं तर "मंग जा, घेऊन ये तिले" हे ऐकावं लागलं असतं.

रविवारी कॅमेरा घेऊन वडाळीच्या तलावावर गेलो होतो. पहाटे सायकल काढली. वाटेत कापसाच्या बंड्या लागल्या, बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. तलावाच्या पाण्यावर उजेड असा अलगद पसरत होता की वाटलं, आज काहीतरी हाती लागणार. पुस्तकात लिहिलं आहे त्याप्रमाणे सूर्य पाठीशी घेतला, कॅमेऱ्याचं खोकं पोटाशी धरलं, श्वास रोखला आणि फिल्मवरची आठही चित्रं घेतली.

रात्री कोठीच्या खोलीत कंदिलाला लाल पतंगाचा कागद लावून फिल्म धुतली. पाणी ओतायला कुणी नव्हतं, त्यामुळे अर्धं धोतरावर सांडलं. आणि निघालं काय? आठही चित्रांत तलावाच्या आधी माझीच सावली पसरलेली, टोपीसकट! इतकी लांब की टोपी पार पाण्यात बुडाली आहे. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

प्रदर्शनाचं पदक देवघरातून काढून पेटीत ठेवलं आहे. चांदी उघड्यावर काळी पडते म्हणून. प्रदर्शनाचे चिटणीस वामनराव परवा शाळेत आले होते. मोर्णा नदीचं ते बक्षिसाचं चित्र नागपूरच्या प्रदर्शनाला पाठवायचं म्हणतात. मोठी प्रत करून, मागे नाव लिहून मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्यायची आहे. पाहू.

संत्र्याची तोड आणखी किती दिवस चालेल? भगवंत आहे, दोन गडी आहेत, तरी तुझ्यावाचून अडतं, याचं नवल वाटतं. कळव.

शकुनला पापा.

शकुनचे बाबा

*

राजापेठ, अमरावती
शुक्रवार, ता. १८ फेब्रुवारी १९३८

शकुनच्या आईस अनेक आशीर्वाद.

तू लिहिलं नाहीस. चार इयत्ता शिकलेली बाई, अक्षर माझ्याहून वळणदार, आणि कार्ड लिहितो भगवंत! त्याचं कार्ड काल आलं. तोड चालू आहे, शकुन मजेत आहे, आणि शेवटी एक ओळ: "बाई विचारते का तिकडं ढग आले का."

फेब्रुवारीत कुठले ढग? भगवंताला बिचाऱ्याला कळलंही नसेल आपण काय लिहून राहिलो ते. मला कळलं. शाळेतून आलो, कार्ड वाचलं आणि पायातल्या वहाणा न काढता ओट्यावर तसाच बसून राहिलो.

तर ढगाविषयी लिहितो. हे पत्र एकटीने वाच.

डिसेंबरात तुझ्या मावशीकडच्या लग्नाला आपण अकोल्याला गेलो, त्या सकाळचं मला सगळं आठवतं. जुन्या शहरातून उतरून मोर्णेच्या काठी आलो होतो. नदीवर धुकं होतं, चुलींचा धूर त्यात मिसळला होता, आणि भाजीच्या बंड्या पाण्यातून अलीकडे येत होत्या. माझी सात चित्रं घेऊन झाली होती. एकच उरलं होतं. ऊन समोरून येत होतं, म्हणून मी ते वर चढायची वाट पाहत होतो.

तू म्हणालीस, "आत्ताच घ्या. ऊन वर चढलं का समदं सपाट होते. बाबा बगीच्यातलं फळ सकायीच काहून पाह्यते? दुपारच्या उन्हात कच्चं संत्रबी पिकलंच दिसते."

मी म्हटलं, पुस्तकात तसं नाही. आणि तुझ्या मामांनी हाक मारली म्हणून खोकं तुझ्या हाती देऊन चार पावलं वर गेलो. वळून पाहतो तो तू सूर्याकडे तोंड करून उभी, खोकं पोटाशी, आणि डाव्या हाताने पदर काचेच्या वर धरलेला, डोळ्यांवर हात धरावा तसा. खट् आवाज झाला.

त्यानंतर मी काय बोललो तेही आठवतं. तुझ्या मामांसमोर, वऱ्हाडातल्या चार बायांसमोर. "एक चित्र फुकट घालवलंस, अक्कल गहाण ठेवली काय?" तू खोकं माझ्या हाती दिलंस आणि पदर सारखा केलास.

फिल्म धुतली तेव्हा माझी सातही चित्रं पुसलेल्या पाटीसारखी निघाली, आणि आठवं ते. बंडीच्या चाकाचा आरा न् आरा उजळलेला, बैलांच्या पाठीवर उजेडाची कड, आणि वरच्या अंगाला काळसर, मऊ असं काहीतरी उतरलेलं. कंदील तूच धरला होतास. मी म्हटलं, "बरं आलंय." एवढंच म्हटलं.

प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर नाव लिहायचं होतं. तुझं लिहिलं असतं तर चारचौघांनी वाचलं असतं, बाजारात बोलले असते. आपल्यात घरच्या बाईचं नाव आपण तिच्या सासऱ्यादिरांसमोरही घेत नाही, ते भिंतीवर कसं टांगायचं? त्या विचाराने मी माझं नाव लिहिलं. ह्यात तुझा मान राखावा, एवढाच हेतू होता.

काल आईला ते चित्र दाखवलं. तिने अजून नीट पाहिलंच नव्हतं. तिने दिव्याजवळ धरलं, लांब केलं, जवळ घेतलं. मग म्हणाली, "हे वरतं काय होय रे?"

मी म्हटलं, "ढग."

"ढग असा लोंबते काय? हा त पदर होय लेका. मनकर्णीचा. खोक्यावर धरला असन तिनं, उन्हाचा." आणि चित्र माझ्या मांडीवर ठेवून भाजी चिरायला उठून गेली.

साऱ्या परीक्षकांना जे दिसलं नाही, ते माझ्या न शिकलेल्या आईला दिसलं. तुझी तोड संपली असेल तर मी येत्या रविवारी न्यायला येऊ का?

शकुनचे बाबा

*

राजापेठ, अमरावती
रविवार, ता. ६ मार्च १९३८

मनकर्णा,

आशीर्वाद लिहीत नाही. ते द्यायची माझी लायकी सध्या नाही.

भगवंताचं दुसरं कार्ड मिळालं. "बाई म्हणते, माह्या मानाची कायजी तुमी नका करू. खरं कारण सुचलं का मंग या." बरोबर बोललीस. मागच्या पत्रात मी मानाची गोष्ट लिहिली, ती लिहितानाच मला खोटी वाटत होती. तरी खाडाखोड न करता पाकीट बंद केलं.

खरं कारण असं आहे. मला ते पदक हवं होतं. सहा वर्षं ऊनपावसात हिंडतो आहे, वडाळीपासून बडनेऱ्याच्या माळापर्यंत एक झाड सोडलं नाही. शाळेतले लोक "फोटूवाले मास्तर आले" म्हणून हसतात. आणि तू एकदाच खोकं हातात धरलंस आणि ते चित्र आलं. मला तुझा हेवा वाटला. कंदिलाच्या उजेडात ते चित्र पाहिलं त्या क्षणी आनंदाच्या आधी मला हेवा वाटला, आणि चिठ्ठीवर नाव लिहिलं ते त्या हेव्याने.

पुढचं तर तू कानांनी ऐकलंस. बक्षीस देताना साहेबांनी विचारलं, वरचा तो ढग कसा साधला? मी म्हणालो, "त्या ढगासाठी तासभर उभा होतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मागे बायांमध्ये शकुनला मांडीवर घेऊन बसली होतीस. मी त्या बाजूला पाहिलंच नाही. घरी येऊन तूच पदक देवापुढे ठेवलंस, त्याला हळदकुंकू लावलंस, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालीस, बाबाची तोड आहे, जाऊन येते. मी तुला बसवायला मोटारीपर्यंत आलो आणि सबंध वाटेत थंडीविषयी बोललो.

त्या दिवशी मी दुपारच्या उन्हातलं संत्रं होतो, मनकर्णा.

गेल्या रविवारी पहाटेच्या गाडीने अकोल्याला गेलो. कुणाकडे गेलो नाही, सरळ मोर्णेवर. तू उभी होतीस तो दगड सापडला. सूर्य समोर घेतला आणि पदर नाही म्हणून डाव्या हाताने छत्री धरली. छत्री सांभाळली की खोकं हलतं, खोकं सांभाळलं की छत्री वाऱ्याने उलटते. एका बंडीवाल्याने बैल थांबवून विचारलं, "मास्तर, पानी नाई पावसाचं, छत्री कायले?" काय सांगणार? आठांतलं एकही धड आलं नाही. पण एक कळलं. तू ते चित्र चुकून घेतलं नव्हतंस. उजेड कुठून येतो, काय अडवायचं आणि काय येऊ द्यायचं, हे तुला ठाऊक होतं. फळांमुळे असेल, फुलं पहाटे तोडून असेल, मला माहीत नाही. पण ठाऊक होतं.

काल मोठी प्रत आणि पदक घेऊन वामनरावांकडे गेलो. कचेरीत आणखी तिघे बसले होते. मी म्हटलं, हे चित्र माझं नाही. वामनराव म्हणाले, "मग कुणाचं?" मी म्हटलं, "आमच्या घरातलं." ते म्हणाले, "घरातलं म्हणजे? नाव सांगा." मी म्हटलं, "शकुनची आई." तेव्हा ते हसले, टाक दौतीत बुडवला आणि म्हणाले, "मास्तर, पोरीचं नाव कळलं. तिच्या आईचं सांगा."

तुला आपलं लग्न आठवतं? तू कोवळ्या आवाजात उखाण्यात माझं नाव घेतलंस, आणि माझी पाळी आली तेव्हा मी जानवशातून पळून विहिरीमागे जाऊन बसलो. बाया हसल्या, विषय संपला. ह्या नऊ वर्षांत ते नाव मी तुझ्यासमोर काय, एकटा असतानाही मोठ्याने घेतलेलं नाही. काल त्या चार पुरुषांसमोर मी आधी पदक मेजावर ठेवलं. मग नाव घेतलं. वामनरावांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून परत एकदा घेतलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

नियमाप्रमाणे पदक त्यांनी परत घेतलं. माझं नाव यादीतून काढलं. शाळेत ही गोष्ट सोमवारी पोचेल आणि मास्तरांना महिनाभर पुरेल, हे मी धरून चाललो आहे. चित्र मात्र नागपूरला जाईल. तिथे काय होईल ते होवो. प्रतीच्या मागे त्यांच्याच टाकाने मी लिहिलं ते इथे उतरवतो, म्हणजे तुला तपासता येईल:

"मोर्णा नदी, अकोला. सकाळ. चित्र घेणार: सौ. मनकर्णा, अमरावती. वरच्या अंगाला दिसतो तो ढग नसून पदर आहे."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं. आता तिच्या हातचं वरण खायाले भेटलं त तुयं नशीब." आणि डोळे पुसले.

कॅमेऱ्यात नवी फिल्म भरून ठेवली आहे. एकही चित्र घेतलेलं नाही, आठही तुझी. येत्या शनिवारी दुपारच्या मोटारीने शेंदूरजन्याला येतो. पहाटे बगीच्यात जाऊ. तू यायला तयार असलीस तर रविवारी परत फिरू, नसलीस तर मी एकटा येईन आणि पुढच्या शनिवारी परत येईन. तुझ्या बाबांसमोर, भगवंतासमोर, जिथे म्हणशील तिथे नाव घ्यायला तयार आहे. उखाणा जुळवतो आहे, पण यमक बसत नाही. नुसतं नावच घेईन.

छत्री बरोबर आणतो. ह्या वेळी खोकं तुझ्या हातात असेल, आणि वाऱ्याने कितीही ओढली तरी ती मी धरून ठेवीन.

तुझा छत्रीवाला,
गोवर्धन